प्रकल्प नोंदी: ग्लॉस्टरचं इव्हनसाँग मराठी कानांसाठी

१४ जानेवारी २०१९

काम आज नक्की केलं. आमच्या मंडळातल्या पंधरा-वीस मराठी घरांसाठी चार ध्वनिफिती करायच्या, प्रत्येकी वीस मिनिटांच्या. विषय: इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावच्या कॅथीड्रलमध्ये, म्हणजे मुख्य चर्चमध्ये, संध्याकाळी गायली जाणारी प्रार्थना (इव्हनसाँग), तिच्यामागचा ऑर्गन आणि तो वाजवणारी माणसं. आम्ही वर्षानुवर्षं या गावात राहतो, पाहुणे आले की कॅथीड्रलच्या ओवऱ्या दाखवतो, फोटो काढतो आणि साडेपाचला गाणं सुरू व्हायच्या आत पार्किंगचे पैसे संपले म्हणून निघतो. मीही अकरा वर्षं हेच केलं. गेल्या नोव्हेंबरात पाऊस होता म्हणून आत थांबले, आणि तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तरी जाते.

पहिला अडथळा शब्दाचा. मराठी माणसाला 'ऑर्गन' म्हटलं की नाट्यसंगीत आठवतं. बालगंधर्वांच्या गाण्याला साथ करणारा तो ऑर्गन म्हणजे पायांनी भाता मारायचा, आत पितळी पत्त्या असलेला. माझ्या मावशीकडे तसलाच एक होता. आम्ही त्याला पायपेटीच म्हणायचो. कॅथीड्रलमधला ऑर्गन नळ्यांचा, म्हणजे मुळात हजारो बासऱ्या आणि काही शिंगं एका भात्यावर. पहिल्या फितीची सुरुवात मावशीच्या पायपेटीपासून करायची.

२० जानेवारी

भाग १ चा कच्चा मजकूर. नळीची लांबी आणि स्वर यांचं नातं आकड्यांत सांगितलं तर लोकांना आवडतं, असा माझा अनुभव आहे (मी स्थापत्य अभियंता, आकडे सोडवत नाहीत). दोन्ही टोकांना उघडी आठ फुटी नळी साधारण ६५ हर्ट्झचा स्वर देते. सोळा फुटी नळी त्याच्या निम्मा, सुमारे ३३. बत्तीस फुटी नळी १६ हर्ट्झच्या आसपास. तिथे कान जवळजवळ हात टेकतात आणि स्वर बाकाच्या लाकडातून पाठीला कळतो. प्रत्येक खुंटी ओढली की एका जातीच्या नळ्यांची अख्खी रांग जागी होते. बाकी यंत्रणा दोन वाक्यांत उरकली. ज्याला बघायची आहे त्याने आत जाऊन बघावी.

२ फेब्रुवारी

आज शिकण्याचा दिवस. जवळच्या एका लहान चर्चमध्ये ऑर्गन लावायला कारागीर आला होता आणि त्याला पट्ट्या दाबून धरायला माणूस हवा होता. मी गेले. तो आत नळ्यांच्या जंगलात, मी बाहेर. त्याने "पुढची" म्हटलं की पुढची पट्टी. दोन तास एवढंच. एका खुंटीमागे ५८ ते ६१ नळ्या, म्हणजे तेवढ्या वेळा "पुढची".

चर्च थंडगार होतं, ११ अंश. त्याने एक गोष्ट सांगितली ती घरी येऊन कागदावर ताडून पाहिली. हवा तापली की हवेतला ध्वनीचा वेग वाढतो आणि बासरीच्या जातीच्या नळ्या चढतात, दर अंशाला सुमारे तीन सेंट (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). दहा अंशांचा फरक म्हणजे तीस सेंट. आपल्या बावीस श्रुती सप्तकात सरासरीने मांडल्या तर एक श्रुती साधारण ५५ सेंटची पडते. म्हणजे जानेवारीचा ऑर्गन आणि जुलैचा ऑर्गन यांत अर्ध्या श्रुतीहून जास्त अंतर! जिभेच्या नळ्या मात्र, ज्यांत पितळी पत्ती थरथरते, त्या मानाने जागच्या जागी राहतात. मग दोघींचं फाटतं. अशा वेळी हजारो बासऱ्यांना हात न लावता मूठभर जिभांनाच त्यांच्याशी जुळवून घेतात. तंबोरा लावताना तारेखालचा दोरा सरकवतात तितक्याच हलक्या हाताने तो कारागीर जिभेला दाबणाऱ्या तारेवर सुरीची पाठ टेकवत होता.

भाग १ पुन्हा लिहायचा. हे सगळं त्यात आलंच पाहिजे.

१७ फेब्रुवारी

भाग २, ग्लॉस्टरचे ऑर्गनवादक. इथे मजकूर हाताबाहेर जातो आहे.

आधी वाद्य. १६४४ मध्ये पार्लमेंटने चर्चमधले ऑर्गन काढून टाकण्याचा हुकूम काढला होता. १६६० मध्ये राजेशाही परत आली आणि देशभर पुन्हा ऑर्गन बांधले जाऊ लागले. ग्लॉस्टरची लाकडी पेटी त्या लाटेतली, टॉमस हॅरिस या कारागिराने १६६६ च्या सुमारास उभारलेली, दर्शनी नळ्यांवर रंगवलेली राजचिन्हं अजून शाबूत. गायकांची जागा आणि मुख्य दालन यांच्या मधल्या भिंतीवर ती उभी आहे, दोन्हीकडे तोंड करून. १८४७ मध्ये हेन्री विलिस नावाच्या तरुणाने आतलं काम नव्याने केलं. त्याला ४०० पौंड मिळाले आणि त्या बळावर त्याने लग्न केलं, असं तो स्वतः पुढे सांगत असे. एकोणिसाव्या शतकातला इंग्लंडचा सगळ्यांत मोठा ऑर्गन-कारागीर या कामातून पुढे आला. १९७१ मध्ये ऑर्गनवादक राल्फ डाउन्स यांच्या सल्ल्याने पुन्हा मोठा बदल झाला. त्या बदलावर बराच वाद झाला. मला तो स्पष्ट, थोडा कडक आवाज आवडतो, कारण दगडाच्या एवढ्या मोठ्या पोकळीत जाड आवाजाचा लगदा होतो.

आता माणसं. सॅम्युएल सेबॅस्टियन वेस्ली इथे १८६५ पासून १८७६ मध्ये मरेपर्यंत होता. त्याआधी हेरफर्ड, एक्सेटर, लीड्स, विंचेस्टर. जिथे गेला तिथे चर्चच्या अधिकाऱ्यांशी भांडला, आणि भांडण बहुतेकदा एकाच गोष्टीवरून: गायक पुरेसे नाहीत आणि आहेत त्यांना पगार पुरेसा नाही. हेरफर्डला ऐन ईस्टरच्या दिवशी त्याच्यासमोर फक्त लहान मुलं आणि एकच खर्जाचा गायक, तोही डीनसाहेबांचा (कॅथीड्रलच्या मुख्य पाद्र्यांचा) बटलर, एवढेच होते असं सांगतात. त्याने तेवढ्यांसाठीच एक रचना लिहिली, आणि ती आज प्रत्येक कॅथीड्रलमध्ये गायली जाते. हा प्रसंग भागाच्या मध्यावर ठेवते. मर्यादेतून काय निघतं ते आमच्या मंडळातल्या हौशी नाटकवाल्यांना लगेच कळेल.

३ मार्च

पुढचा ऑर्गनवादक हर्बर्ट ब्रूअर, १८९६ ते १९२८. त्याच्या हाताखाली उमेदवारी करणाऱ्या मुलांत पुढे संगीतकार झालेले हर्बर्ट हॉवेल्स आणि आयव्हर गर्नी होते. ही पद्धत मराठी श्रोत्यांना वेगळी समजावून सांगायची गरज नाही. गुरूच्या घरी जायचं, हस्तलिखितं उतरून काढायची, गुरू आजारी पडला की त्याच्या बाकावर बसायचं. फरक एवढाच की इथे करारपत्र असे आणि पालक फी भरत.

६ सप्टेंबर १९१०. ग्लॉस्टर, वुस्टर आणि हेरफर्ड या तीन कॅथीड्रलांचा मिळून आळीपाळीने होणारा महोत्सव त्या वर्षी इथे होता. संगीतकार राल्फ वॉन विल्यम्स यांनी टॉमस टॅलिसच्या सोळाव्या शतकातल्या एका स्तोत्र-सुरावटीवर तंतुवाद्यांची रचना केली होती आणि ती त्यांनी स्वतःच संचालित केली. दोन वाद्यवृंद, एक मोठा, एक नऊ जणांचा लहान, आणि वर चार एकल वादक. लहान वृंद दूरच्या प्रतिध्वनीसारखा वाजतो. त्यानंतर लगेच एडवर्ड एल्गार या इंग्लिश संगीतकाराची मोठी रचना होती, आणि वॉन विल्यम्स येऊन बसले ते सतरा वर्षांच्या हॉवेल्सच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर. दोघांनी एकाच प्रतीत स्वरलिपी पाहिली. रात्री हॉवेल्स आणि गर्नी झोपले नाहीत, गावभर चालत राहिले.

मी त्या खांबांजवळ उभी राहून मोजलं. पन्नास मीटरवरून आवाज यायला सुमारे ०.१५ सेकंद लागतो, आणि दगडावर आपटून येणारा आणखी उशिरा. या दालनासाठी ती रचना लिहिली गेली हे इथे उभं राहिल्यावर कळतं. घरी स्पीकरवर तिचं निम्मं अंग हरवतं.

१० मार्च

ट्विगवर्थला जाऊन आले. ग्लॉस्टरच्या उत्तरेला, अगदी जवळ. इथल्या मातीत गर्नी आहे. पहिल्या महायुद्धात गोळी आणि विषारी वायू दोन्ही सोसलेला, आयुष्याची शेवटची पंधरा वर्षं मनोरुग्णालयात काढून १९३७ मध्ये गेलेला. आणि इथेच हॉवेल्सचा मुलगा मायकेल. १९३५ मध्ये कुटुंब या भागात सुटीवर आलं असताना त्याला पोलिओ झाला. नऊ वर्षांचा होता.

हॉवेल्सने त्या दुःखातून एक मोठी समूहगान-रचना लिहिली आणि बरीच वर्षं कोणाला दाखवली नाही. ती पहिल्यांदा गायली गेली १९५० मध्ये, याच महोत्सवात, ग्लॉस्टरमध्येच. मधल्या काळात, १९४६ साली, त्याने ग्लॉस्टर कॅथीड्रलसाठी संध्याकाळची दोन गीतं रचली. त्यातलं मरियेचं गीत सुरू होतं तेव्हा मुलांचे आवाज एकमेकांवर हलकेच झुकत वर जातात. सामर्थ्यवानांना आसनावरून खाली उतरवणारा, भुकेल्यांना पोटभर देणारा, असे त्या गीताचे शब्द आहेत. मुलगा गमावलेल्या बापाने लहान मुलांसाठी ते स्वर लिहिले हे एकदा माहीत झाल्यावर मला ते पूर्वीसारखं ऐकता येत नाही.

या भागात हे सांगताना आवाज जड होतो. तीनदा ध्वनिमुद्रण केलं. तिसरं ठेवलं.

२४ मार्च

व्यावहारिक अडचण. फितीत खरं गाणं घालायचं का? प्रार्थना चालू असताना मुद्रण करणं मला बरोबर वाटत नाही आणि परवानगीशिवाय करूही नये. विकतच्या ध्वनिमुद्रणांवर हक्क आहेत. हॉवेल्स १९८३ मध्ये वारला, म्हणजे इंग्लंडच्या कायद्याने त्याच्या रचना २०५३ अखेरपर्यंत हक्काखाली. वेस्लीच्या मोकळ्या आहेत, पण त्या गायच्या कोणी?

निर्णय: फितीत गाणं नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी "आता जाऊन ऐका" आणि वेळ. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी रेडिओ. बीबीसीवर इव्हनसाँगचं पहिलं प्रक्षेपण ७ ऑक्टोबर १९२६ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतून झालं आणि तो कार्यक्रम अजून दर आठवड्याला असतो. मावशी बाजा वाजवताना रेडिओ लावून बसायची. तसंच आजही बसता येतं.

७ एप्रिल

भाग ३, इव्हनसाँग. 'सायंप्रार्थना' लिहून पाहिलं, 'शेजारती' लिहून पाहिलं. शेजारतीत देव झोपतो. इथे दिवस मिटतो. शेवटी मूळ शब्दच ठेवला आणि तो काय आहे ते सांगितलं.

सांगताना जाणवलेली गोष्ट अशी. १५४९ मध्ये इंग्रजी प्रार्थनापुस्तक निघालं तेव्हा मठांतल्या दिवसाच्या अनेक प्रार्थना एकत्र करून दोनच ठेवल्या, सकाळची आणि संध्याकाळची. बायबलमधली दीडशे स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत वाटली, सकाळ-संध्याकाळ मिळून साठ वाटे, आणि तारीख एकला पुन्हा पहिल्यापासून. पंधराव्या संध्याकाळी एकटं अठ्ठ्याहत्तरावं स्तोत्र येतं, ७३ ओळींचं. आज बहुतेक ठिकाणी यात काटछाट करतात. पण रोजच्या नेमाची चाल तीच. कार्यक्रमपत्रिका नाही, तिकीट नाही, टाळ्या नाहीत. जानेवारीतल्या एका संध्याकाळी आम्ही श्रोते सहा जण होतो आणि गाणारे आमच्या चौपट. त्यांनी एका स्वराची कसर केली नाही.

ऑर्गनच्या स्वतंत्र मैफली मी पुष्कळ ऐकल्या. त्या ऐकाव्यातच. वुस्टरमध्ये १८९५ साली पहिल्यांदा वाजलेला एल्गारचा सोनाटा मला फार प्रिय आहे. पण कॅथीड्रलच्या ऑर्गनवादकाचं खरं कसब मैफलीत दिसत नाही, असं माझं मत होत चाललं आहे. ते स्तोत्राच्या साथीत दिसतं. ओळीत गडगडाट आला की खालून बत्तीस फुटीचा एक श्वास, चिमणीचं घरटं आलं की एकच बारीक बासरी, आणि शब्दांवर कुठेही पाय न पडता. हे लिहिलेलं नसतं. आपल्याकडे पेटीवाला गायकाच्या मागे अर्ध्या पावलावर चालतो तीच जात.

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. ते तरुणपणी दुसऱ्या एका कॅथीड्रलमध्ये खर्जात गायचे. त्यांनी सांगितलं की पगारी गायक बहुतेक दिवसा दुसरी नोकरी करतात, पाचला धावत येऊन झगा चढवतात, एकदाच तालीम आणि लगेच प्रार्थना. मुलं शाळेच्या आधीही तालीम करतात. बहुतेक जुन्या कॅथीड्रलांत मुलींना या वृंदांत जागा मिळायला १९९१ किंवा त्यानंतरचं साल उजाडावं लागलं. सॉल्झबरी कॅथीड्रलने १९९१ मध्ये मुलींचा वृंद सुरू केला. हे वाक्य फितीत ठासून म्हटलं आहे.

२८ एप्रिल

भाग ४ मुळात 'स्तोत्र कसं गातात' एवढाच होता. आज तो वेगळ्याच वाटेने निघाला.

अँग्लिकन चाल, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमध्ये स्तोत्र गायची चाल, दहा स्वरसंगतींची (संगती म्हणजे एकदम वाजणारे काही स्वर). ओळीच्या पहिल्या अर्ध्याला चार, दुसऱ्या अर्ध्याला सहा. प्रत्येक अर्ध्यातली पहिली संगती रबरासारखी, तिच्यावर कितीही शब्द बोलण्याच्या गतीने म्हणायचे, आणि शेवटच्या शब्दांवर उरलेल्या संगती बदलायच्या. गद्य ओळ कितीही लांब असो, बसते. दोन ओळींची मिळून वीस संगतींची जोडचालही असते. वृंद समोरासमोर दोन फळ्यांत उभा, एक ओळ या बाजूने, एक त्या बाजूने. वारकरी भजनातले टाळकरी डोळ्यांपुढे येतात. आणि रबरी पहिला चरण म्हणजे जात्यावरची ओवीच की! अक्षरं कमीजास्त, चाल ठरलेली.

मग प्रश्न: मराठी बसेल का?

हे पहिल्यांदा कोणी केलं असेल असा माझा दावा नाही. प्रार्थनापुस्तकाचं मराठी भाषांतर एकोणिसाव्या शतकातच झालं होतं. पुण्याचं पंचहौद आम्हाला शाळेत फक्त १८९० च्या चहापानामुळे माहीत होतं, टिळक-रानड्यांना प्रायश्चित्तापर्यंत नेणाऱ्या. पण ते याच परंपरेचं मिशन होतं, आणि तिथल्या वाँटेजच्या जोगिणींचा मूळ मठ इथून दीड तासावर आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये त्याच वाँटेजला झाला. शनिपाराहून चालत दहा-पंधरा मिनिटांवर मराठीत स्तोत्रं म्हटली जात होती आणि मला ते कळायला ग्लॉस्टर गाठावं लागलं.

१२ मे

१२१ वं स्तोत्र घेतलं. आठ ओळी, छोटं, डोंगरांचं. भाषांतर माझं.

पहिला प्रयत्न फसला. इंग्रजी ओळ शेवटी नामावर, आघातावर उतरते. मराठी गद्य क्रियापदावर संपतं. 'आहे', 'येईल', 'नाही'. सगळ्यांत लांब, सगळ्यांत भरलेली शेवटची संगती 'आहे'वर पडली की सगळं पोकळ वाटतं. दुसरं म्हणजे विभक्ती. 'परमेश्वरापासून' या एका शब्दात तीन संगती बदलल्या आणि तिन्ही प्रत्ययावर गेल्या. तिसरं, 'लावतो' म्हणावं तर बायकांनी काय म्हणायचं?

१९ मे

तोड सापडली. गद्य सोडलं, ओवीची शब्दरचना घेतली. क्रियापद आत, नाम शेवटी, आणि शेवटच्या संगतीवर शक्य तिथे दोन गुरू अक्षरं. 'लावतो' ऐवजी 'लाविले', म्हणजे लिंगाचा प्रश्न मिटला. उभी रेघ म्हणजे पुढची एक किंवा दोन संगती.

डोंगरांकडे मी | लावि-ले | डोळे :
कुठून | ये-ईल | सा-ह्य | माझे

साह्य माझे येते | देवा-पा | सून :
ज्याने केले | आ-काश | आ-णि | पृथ्वी

'ज्याने केले' रबरी संगतीवर सरळ बोलायचं, मग आ, काश, आ, णि, आणि 'पृथ्वी'वर थांबायचं. पाचही बदल आपोआप जागेवर पडले. रात्री अकरा वाजता पेटीवर वाजवून पाहिलं आणि पुन्हा पुन्हा पाहिलं. पेटीवर चार स्वर एकदम धरले की ती कुरकुरते, पण चाल ओळखू येते.

२ जून

उरलेल्या सहा ओळी. पाच बसल्या. सहावी, दिवसा सूर्य आणि रात्री चंद्र बाधणार नाही ही, चार वेळा लिहिली. नकार शेवटी आला की 'नाही'वर संगती थांबते आणि अर्थाला ते मानवतं, असं शेजारच्या गृहस्थांचं म्हणणं. त्यांना मराठी येत नाही. मी म्हणून दाखवलं आणि त्यांनी फक्त कानाने सांगितलं. मला पटलं. या एका ओळीत क्रियापद शेवटी ठेवलं आहे.

१६ जून

आमच्या दिवाणखान्यात सात जण. तीन बायका वरच्या सुरात, एकजण मधल्या, दोघे खर्जात, शेजारचे गृहस्थ त्यांच्या मागे आधाराला, देवनागरी शब्द मी इंग्रजी अक्षरांत लिहून दिलेले. पेटी माझ्याकडे. पहिल्यांदा सगळे ठेक्यात म्हणायला लागले, कारण ठेका धरल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. मी पेटी बंद केली आणि सांगितलं, आधी नुसतं बोला, एकत्र, एका श्वासात. चौथ्या खेपेला बोलणं आणि गाणं यांच्यातली रेघ पुसली गेली.

दुरुस्त्या: 'साह्य'मधला 'ह्य' लांबवू नये. 'पृथ्वी'नंतर श्वास घ्यायला हवा. मधल्या सुराला दुसऱ्या ओळीत खाली जागा पुरत नाही, चाल एक स्वर वर न्यायची.

भाग ४ चं मुद्रण पुढच्या रविवारी. मंगळवारी साडेपाचला आम्ही सातहीजण कॅथीड्रलमध्ये जाणार आहोत. पार्किंगचे पैसे सातपर्यंतचे भरायचे, असं सगळ्यांना कळवलं आहे.